दोन सुया, दोन टाके आणि एक मोजपट्टी

दोन सुयांवरचे विणकाम शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला मफलर तडीस जातो. गाडी अडते ती पहिल्या स्वेटरपाशी. मफलर चार बोटे रुंद झाला काय किंवा अरुंद झाला काय, गळ्याभोवती गुंडाळला की खपून जातो. स्वेटर मात्र अंगात बसावा लागतो, आणि दोन-तीन महिने विणून झाल्यावर तो बसत नाही असे दिसले की विणणारी व्यक्ती आपल्या हाताला दोष देऊन मोकळी होते. माझ्या अनुभवात हाताचा दोष क्वचितच असतो. विणकामात शिकायचे टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट; तेही खरे तर एकाच टाक्याच्या दोन बाजू. राहून जातात त्या वेगळ्याच दोन गोष्टी: सुईवरचा टाका पाहून ओळखता येणे आणि विणायला घेण्यापूर्वी मोजणे. म्हणून या लेखात त्यांवर अधिक वेळ घालवला आहे, आणि शेवटी त्यांच्या आधारे एक टोपी पूर्ण विणली आहे.

सुया आणि लोकर

सुई बांबूची किंवा लाकडाची असेल तर लोकर तिच्यावर थोडी अडते आणि टाके आपोआप घसरत नाहीत. शिकताना हे सोयीचे ठरते. धातूच्या सुया गुळगुळीत असल्याने हात बसल्यावर त्यांवर वेग येतो. सुई घेताना तिच्यावरचा क्रमांक न पाहता मिलिमीटरमधील जाडी पाहावी, कारण क्रमांकाच्या दोन पद्धती एकमेकींच्या उलट्या चालतात. जुन्या ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, तर अमेरिकी पद्धतीत ती जाड होते. १० क्रमांकाची ब्रिटिश सुई ३.२५ मिमी जाड असते आणि १० क्रमांकाची अमेरिकी सुई ६ मिमी. या दोन्ही पद्धती ७ क्रमांकापाशी, म्हणजे ४.५ मिमीवर, एकमेकींना भेटतात. योगायोगाने शिकायलाही हीच जाडी उत्तम.

एकच सुई घ्यायची असेल तर मी ८० सेंमी लांबीची गोल सुई घ्यायला सांगेन. दोन टोकांना सुया आणि मध्ये लवचीक तार अशी तिची रचना असते. नावाने ती गोल असली तरी तिच्यावर सरळ, मागे-पुढे ओळीही विणता येतात. शिवाय विणलेल्या भागाचे सगळे वजन मनगटांवर न येता मांडीवर पडते. हिच्यासोबत बोथट टोकाची शिवणाची सुई, एक क्रोशाची सुई, मोजपट्टी आणि खुणेसाठी रंगीत दोऱ्याचे काही फास पुरेत.

लोकरीच्या गुंड्यावरचा कागद फेकून देऊ नये. त्यावर वजन, लांबी, सुचवलेली सुई, १० सेंमीत बसणारे टाके आणि रंगाच्या लॉटचा क्रमांक असतो. खरेदीचा हिशेब वजनापेक्षा लांबीवर करावा, कारण १०० ग्रॅमच्या दोन गुंड्यांमधील धाग्याच्या लांबीत दुपटीचाही फरक असू शकतो. लॉट सगळ्या गुंड्यांचा एकच असावा; दुकानातल्या दिव्याखाली सारखे वाटणारे दोन लॉट उन्हात स्वेटरच्या छातीवर आडवी रेघ होऊन उमटतात. वेगळ्या लॉटचा गुंडा वापरणे भागच असेल, तर शेवटचा जुना गुंडा आणि नवा गुंडा यांतून आलटून-पालटून दोन-दोन ओळी विणाव्यात म्हणजे फरक विरून जातो.

मेंढीची लोकर ताणली की परत मूळ जागी येते, त्यामुळे हाताची असमानता ती बरीचशी पोटात घालते. सुताला हा गुण नाही. त्याचे कापड जड होते आणि स्वतःच्या वजनाने लांबते. ॲक्रिलिक धुवायला सोपे असले तरी त्यावर गरम इस्त्री फिरली तर त्याचा फुगीरपणा कायमचा जातो. पहिल्या कामासाठी फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि केसाळ मोहेर उसवताना इतकी गुंतते की चूक सुधारण्यापेक्षा ती पोटात घालणे बरे वाटू लागते.

टाके घालणे

टाके घालण्याच्या पद्धती अनेक आहेत, पण अंगठ्याची पद्धत एक आली तरी वर्षानुवर्षे भागते. लोकरीचे एक टोक लांब सोडून सरफास करावा आणि सुईवर घ्यावा. सुटे टोक डाव्या अंगठ्यावर आणि गुंड्याकडचा धागा तर्जनीवर घेऊन दोन्ही तळहातात धरून ठेवावेत. सुईचे टोक अंगठ्यावरच्या वेढ्यात खालून वर घालावे, तर्जनीवरचा धागा वरून पकडावा आणि त्याच वेढ्यातून बाहेर आणावा; मग अंगठा सोडवून टाका हलकेच आवळावा.

सुटे टोक किती ठेवायचे याचा अंदाज चुकला की शंभरावा टाका घालताना टोक संपते आणि सगळे पुन्हा करावे लागते. त्यासाठी सुईभोवती धाग्याचे दहा वेढे घ्यावेत, तो धागा उलगडून मोजावा आणि हव्या असलेल्या टाक्यांच्या हिशेबाने वाढवून वर २० सेंमी जादा धरावेत. कड घट्ट होण्याची सवय असेल तर टाके एक माप जाड सुईवर घालावेत आणि विणायला नेहमीची सुई घ्यावी.

सुलट, उलट आणि टाका वाचणे

सुलट टाक्यासाठी धागा मागे ठेवावा. उजवी सुई डाव्या सुईवरच्या पहिल्या टाक्यात समोरून मागे घालावी, धागा तिच्या टोकाभोवती खालून वर घेऊन दोन सुयांच्या मधून आणावा, तो वेढा टाक्यातून पुढे ओढावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडावा. उलट टाक्यासाठी धागा पुढे आणावा, उजवी सुई टाक्यात उजवीकडून डावीकडे घालावी, धागा सुईवर वरून खाली घ्यावा आणि वेढा टाक्यातून मागे ढकलावा. ‘वरून खाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. धागा खालून वर घेतला तरी टाका होतो, पण तो सुईवर उलट्या पायांनी बसतो आणि पुढच्या ओळीत पिळला जातो.

पाय म्हणजे काय, ते आता सुई डोळ्यांजवळ धरूनच पाहावे. सुईवरचा प्रत्येक टाका म्हणजे घोड्यावर बसलेला स्वार. त्याचा एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे असतो. टाका नीट बसला असेल तर पुढचा पाय उजवीकडे असतो. तो डावीकडे दिसला तर टाका उलटा बसला आहे. अशा वेळी सुई मागच्या पायातून घालून विणले की टाका सरळ होतो. आता नजर सुईच्या जरा खाली न्यावी. टाक्याच्या गळ्याशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार असेल तर तो या बाजूने सुलट टाका आहे, आणि आडवा मणी असेल तर उलट. सुलट टाक्याची मागची बाजू म्हणजेच उलट टाका.

एवढे दिसू लागले की निम्मी पाठांतरे संपतात. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या रेघा येतात आणि एक रेघ म्हणजे दोन ओळी. एक ओळ सुलट आणि एक उलट विणली की एका बाजूला गुळगुळीत साधी वीण येते. तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा मागे आणि वरची-खालची कड पुढे वळते. ही वळण्याची खोड विणणाऱ्याची नसून विणीची आहे, आणि कितीही धुतले तरी ती पुरती जात नाही. म्हणूनच कडेला रिब, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या उभ्या पट्ट्यांची ताणणारी वीण, घालतात. दोन सुलट, दोन उलट अशा रिबमध्ये पुढची ओळ विणताना मोजत बसू नये. सुईखाली व्ही दिसला तर सुलट आणि मणी दिसला तर उलट, म्हणजे जे दिसेल तेच विणावे. एक सुलट, एक उलट घेऊन प्रत्येक वेळी दिसेल त्याच्या विरुद्ध विणले की रिबऐवजी दाणेदार साबुदाणा वीण तयार होते. नमुन्याचा कागद हरवला तरी विणकाम पुढे चालू राहते ते या नजरेमुळे.

चुका आणि त्यांची सोडवणूक

नवशिक्याचे टाके आपोआप वाढतात. चाळीस घातलेले चार ओळींत त्रेचाळीस होतात, आणि त्याचे कारण बहुधा ओळीच्या सुरुवातीलाच असते. धागा सुईवरून मागे ओढला गेला की पहिला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय दोन टाक्यांसारखे दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. ओळ सुरू करताना धागा सुईच्या खालून येतो आहे ना, एवढे पाहिले तरी हा घोटाळा थांबतो. शिकताना प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजावेत.

टाका निसटला तर घाबरून सुई ओढू नये. खाली गेलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. गुळगुळीत बाजू आपल्याकडे करून क्रोशाची सुई निसटलेल्या टाक्यात समोरून घालावी, शिडीची सर्वांत खालची पायरी पकडून टाक्यातून पुढे ओढावी आणि अशा एकेक पायऱ्या चढत वर येऊन टाका पुन्हा सुईवर ठेवावा. टाका उलट हवा असेल तर काम पालथे करून हेच करावे. ही युक्ती उपयोगी पडते ती केवळ अपघातात नाही. वीस ओळींखाली एक टाका चुकून उलट विणला गेल्याचे लक्षात आले, तर फक्त तेवढाच टाका मुद्दाम खालपर्यंत सोडावा आणि क्रोशाने नीट वर आणावा. सगळे उसवण्याची गरज पडत नाही.

बरेच उसवायचे असेल तर आधी चुकीच्या खालच्या एका अखंड ओळीत बारीक सुई टाक्याटाक्यांतून ओवून घ्यावी आणि मग वरचे खुशाल ओढावे. उसवणे त्या सुईपाशी येऊन थांबते. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. तिची लड करून पाण्यात भिजवावी आणि टांगून वाळवावी, कारण वळ्यांसकट विणल्यास टाके असमान येतात.

नमुन्याचा चौकोन

नमुन्याचा चौकोन म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी माप पाहण्यासाठी विणलेला छोटा तुकडा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि बहुतेक जण तो गाळतात. मीही गाळत असे. सुताचा एक स्वेटर मी छोटा तुकडा विणून, न धुता, सुईवर असतानाच मोजून सुरू केला होता. पहिल्या धुण्यानंतर तो दोरीवर टांगला आणि संध्याकाळी काढला तेव्हा बाह्या बोटांच्या पुढे आल्या होत्या आणि घेर मांडीपर्यंत उतरला होता. त्यात टाक्यांची चूक एकही नव्हती.

हिशेब साधा आहे. समजा, स्वेटरच्या नमुन्याच्या कागदावर १० सेंमीत २२ टाके सांगितले आहेत आणि १०० सेंमी घेरासाठी २२० टाके. आपल्या हाताला त्याच सुईवर १० सेंमीत २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंमीचा घेर देतील. १० सेंमीत दोनच टाक्यांचा फरक, पण स्वेटर एका मापाने मोठा.

म्हणून ज्या सुईवर आणि ज्या लोकरीने काम करायचे तिनेच ३४ टाके घालावेत. सहा ओळी पूर्ण सुलट विणाव्यात; नंतर दोन्ही कडांचे चार-चार टाके नेहमी सुलट ठेवून मधले २६ टाके साध्या विणीत सुमारे १३ सेंमी विणावेत; पुन्हा सहा ओळी सुलट विणून टाके बंद करावेत, म्हणजे दोन टाके सुलट विणून पहिला दुसऱ्यावरून सोडावा आणि पुढे एकेक टाका विणत तसेच करत जावे. मग हा चौकोन पुढे कपडा जसा धुणार तसाच धुवावा, सपाट वाळवावा आणि पूर्ण सुकल्यावरच, न ताणता, मधल्या भागात १० सेंमीतील टाके आणि ओळी मोजाव्यात. अर्धा टाका आला तर तो सोडून देऊ नये. १०० सेंमीत असे दहा अर्धे टाके होतात. टाके जास्त बसले तर जाड सुई आणि कमी बसले तर बारीक सुई घेऊन दुसरा चौकोन विणावा. हात मुद्दाम सैल किंवा घट्ट करून माप जुळवू नये, कारण असा धरलेला हात चार दिवसांत मूळ सवयीवर येतो.

टोपी: पहिल्यापासून शेवटपर्यंत

आता हे सगळे एका टोपीत पाहू. चौकोनात १० सेंमीला २० टाके आणि २८ ओळी आल्या आहेत असे धरू. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी त्याहून सुमारे ५ सेंमी कमी ठेवावी, म्हणजे ती ताणून घट्ट बसते. ५१ सेंमीला १०२ टाके होतात. माथ्यावर आठ पाकळ्या करायच्या असल्याने ८ ने भाग जाणारी जवळची संख्या १०४ घ्यावी आणि शिवणीसाठी दोन्ही कडांचा एकेक टाका मिळवून १०६ टाके घालावेत. वेगळा हात किंवा वेगळे डोके असेल तर याच क्रमाने आपला आकडा काढावा. लोकर १०० ग्रॅम पुरते.

४ मिमीच्या सुईवर दोन सुलट, दोन उलट अशी रिब सुरू करावी. १०६ टाक्यांत ओळीच्या शेवटीही दोन सुलट येतात. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका आत गेला की उरलेले दोन सुलट शेजारी येतात आणि रिब कुठेही न तुटता जुळते. ५ सेंमी रिब झाल्यावर ४.५ मिमीची सुई घ्यावी आणि सुरुवातीपासून एकूण १४ सेंमी होईपर्यंत साधी वीण विणावी.

यानंतर टाके कमी करायचे. सुलट बाजूने एक टाका सुलट विणावा, मग ११ सुलट आणि दोन टाक्यांचा मिळून एक सुलट, असे आठ वेळा करावे आणि शेवटचा टाका सुलट विणावा. ९८ टाके उरतात. परतीची ओळ सगळी उलट विणावी. पुढच्या सुलट ओळीत ११ ऐवजी १०, त्यानंतर ९, असे प्रत्येक सुलट ओळीत एकेक कमी करत जावे आणि मधल्या ओळी उलट विणाव्यात. अशा सात घटींनंतर प्रत्येक पाकळीत सहा टाके आणि एकूण ५० टाके राहतात. येथून प्रत्येक ओळीत घट करावी. उलट बाजूने विणताना पाकळीच्या आरंभी दोन टाक्यांचा एक उलट विणून उरलेले चार उलट विणावेत, म्हणजे घटीची रेघ पुढून सलग दिसते. पुढच्या सुलट ओळीत तीन सुलट आणि दोनांचा एक, आणि याप्रमाणे प्रत्येक पाकळीत एकच टाका उरेपर्यंत जावे. कडेचे दोन टाके मात्र शेवटपर्यंत तसेच राहतात.

उरलेल्या दहा टाक्यांतून लांब कापलेला धागा शिवणाच्या सुईने दोनदा ओवून आवळावा आणि त्याच धाग्याने शिवण घालावी. सुलट बाजू वर ठेवून कडेचा टाका आणि त्याच्या शेजारचा टाका यांच्यामधील आडवा धागा एकदा या कडेचा, एकदा त्या कडेचा उचलत जावे आणि दर पाच-सहा टाक्यांनी धागा हलकेच ओढावा. दोन्ही कडा एकमेकींकडे सरकतात आणि शिवण जवळजवळ दिसेनाशी होते.

शिवण नको असेल तर ४० सेंमीच्या गोल सुईवर १०४ टाके घालून फेऱ्या विणता येतात. जोडण्यापूर्वी टाके तारेभोवती पिळलेले नाहीत याची दोनदा खात्री करावी, कारण एक फेरी झाल्यावर तो पीळ उसवल्याशिवाय निघत नाही. टाके कमी झाल्यावर तार लांब पडते, तेव्हा दोन्हीकडे टोके असलेल्या पाच आखूड सुयांवर माथा पूर्ण करावा. फेऱ्यांमध्ये साध्या विणीला उलट टाका लागतच नाही, आणि अनेकांचा उलट टाका सुलटापेक्षा सैल पडत असल्याने फेऱ्यांची वीण थोडी घट्ट येऊ शकते. चौकोनही मग फेऱ्यांच्याच पद्धतीने विणून मोजलेला बरा.

टोपीनंतर कुठे पाहावे

नव्या कल्पनांसाठी मी नमुन्यांच्या चित्रांपेक्षा जुनी, परंपरेने आलेली वीण पाहते, कारण प्रत्येक परंपरेने एकेका अडचणीवर उत्तर शोधलेले असते. आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरन बेटांच्या स्वेटरांवर वेण्या असतात. सहा टाक्यांची वेणी विणताना पहिले तीन टाके एका छोट्या सुईवर घेऊन पुढे ठेवले, त्यांनंतरचे तीन विणले आणि मग छोट्या सुईवरचे तीन विणले की वेणी डावीकडे वळते. तेच मागे ठेवले तर उजवीकडे. वेण्या कापड आखडून घेतात, म्हणून त्यांचा चौकोन वेगळा विणून मोजावा लागतो. प्रत्येक कोळी कुटुंबाची स्वतःची वीण असे आणि तीवरून बुडालेल्याची ओळख पटे, ही गोष्ट मात्र दंतकथाच आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील फेअर आयल बेटाच्या रंगीत विणीत स्वेटरवर सात-आठ रंग दिसले तरी कोणत्याही एका ओळीत दोनच असतात. न विणलेला रंग मागून सैल न्यायचा, पाचपेक्षा जास्त टाक्यांचे अंतर पडले तर मध्ये एकदा अडकवायचा, आणि कोणता धागा खालून येणार हे शेवटपर्यंत बदलायचे नाही. खालून येणारा रंग अधिक उठून दिसतो. स्कॉटलंडमधील शेटलंड आणि रशियातील ओरेनबर्ग येथील शाली अंगठीतून पार जाण्याइतक्या तलम म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांच्या जाळीचे सूत्र सोपे आहे: धाग्याचा एक वेढा सुईवर वाढवला की जवळच एक टाका घटवायचा, म्हणजे छिद्र पडते आणि संख्या तीच राहते.

धुणे आणि आकार देणे

लोकरीचे विणलेले काम कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजू द्यावे, चोळू नये. उष्णता आणि घासणे मिळाले की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे होते. उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्यावा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सपाट पसरून, मापाला लावून वाळवावे. टोपी फुगवलेल्या फुग्यावर चढवून वाळवली की माथा गोल बसतो.

नमुन्याचा चौकोन उसवू नये. त्याला लोकरीचा कागद आणि सुईचे माप टाचून ठेवावे आणि कपडा धुताना दर वेळी तोही सोबत धुवावा. काही वर्षांनी टोपीला किंवा कोपराला भोक पडले तर रफूसाठी लागणारा धागा त्याच चौकोनातून निघतो आणि तो कपड्याइतकाच फिका पडलेला असतो.